मंडूकसूक्त: पावसाचं मागणं की पुरोहितांची टवाळी?

सूरसागर_काठ

नमस्कार मंडळी. आषाढात वडोदऱ्यात आमच्या दांडिया बाजारातल्या वाचन मंडळात ऋग्वेदातल्या मंडूकसूक्तावर (७.१०३) वीस मिनिटं बोलायचं आहे. ऐकणारे बहुतेक निवृत्त. निम्म्यांना पुरुषसूक्त पाठ आहे, संस्कृत मात्र शाळेपुरतंच.

अडचण अशी की सूक्ताच्या हेतूबद्दल दोन टोकं दिसतात. माक्स म्युलर यांनी १८५९ साली हे पुरोहितांवरचं उघड व्यंग आहे असं लिहिलं. आपल्याकडचे पारंपरिक भाष्यकार याला सरळ पर्जन्याची स्तुती मानतात. सातव्या-आठव्या ऋचेत बेडकांना सोमयागातल्या ब्राह्मणांच्या पंक्तीला बसवलंय, तिथे हसू आल्याशिवाय राहत नाही हेही खरं.

तीन गोष्टी हव्या आहेत. एक, व्यंग की गांभीर्य हे मुळातून ठरवायचं तर कुठे बघायचं? दोन, 'अतिरात्र' आणि 'घर्म' म्हणजे नेमकं काय, हे संस्कृत न येणाऱ्याला दोन-तीन वाक्यांत कसं सांगायचं? तीन, छांदोग्य उपनिषदातली कुत्र्यांची गोष्ट याच्या जोडीला घ्यावी का?

---

पदपाठी

आधी भाषांतरं बाजूला ठेवा आणि पदपाठ (संधी सोडवून शब्द सुटे केलेला पाठ) घेऊन बसा. दहाच ऋचा आहेत, तासाभराचं काम. पेन्सिलीने प्रत्येक 'न' आणि 'इव' भोवती गोल काढा. निम्मा वाद तिथेच मिटतो.

वैदिक भाषेत 'न' दोन कामं करतो: नकार आणि उपमा. दोन्हींचा स्वर एकच, उदात्त, त्यामुळे स्वरांवरून फरक कळत नाही, जागेवरून कळतो. ज्याची उपमा द्यायची त्या शब्दानंतर 'न' आला तर 'सारखा'. क्रियापदाच्या किंवा त्याच्या उपसर्गाच्या आधी आला तर 'नाही'. या सूक्तात उपमेचे 'न' सहा आहेत: दुसऱ्या ऋचेत दोन (कोरड्या पखालीसारखा पडलेला, वासरं असलेल्या गाईंच्या हंबरण्यासारखा आवाज), तिसरीत एक (बापाकडे जाणाऱ्या मुलासारखा), सातवीत दोन (अतिरात्रात, भरलेल्या तळ्याभोवती) आणि आठवीत एक (लपून बसलेल्यांसारखे; काही भाषांतरकार मात्र तो नकाराचा धरतात). पाचवीत 'इव' दोनदा. नकाराचा निर्विवाद 'न' एकच, नववीत: 'ऋतुं नरो न प्र मिनन्त्येते', हे वीर ऋतूचा नेम मोडत नाहीत. ही जागा फसवी आहे. 'नरो न' एका दमात वाचलं की 'माणसांसारखे' असं वाटतं, आणि मग बेडूक माणसांसारखे ऋतू मोडतात असा उलटाच अर्थ हाती येतो. त्यावरून 'पुरोहित नेम मोडतात अशी कवीने कोपरखळी मारली आहे' इथवर पोचायला वेळ लागत नाही. तशी कोपरखळी तिथे नाही.

आता गोल न पडलेल्या जागा बघा. पहिल्या ऋचेत 'ब्राह्मणा व्रतचारिणः' म्हटलंय, पण 'सारखे' हा शब्द नाही. आठवीतही नाही: 'ब्राह्मणासः सोमिनो वाचमक्रत'. म्हणजे कवी सातव्यात उपमा देतो आणि आठव्यात उपमेचा शब्द सोडून थेट बेडकांनाच ब्राह्मण म्हणतो. पहिल्या ऋचेतली ही अडचण वैदिक शब्दांची उकल करणाऱ्या यास्कांनाही दिसली होती. निरुक्तात (९.६) त्यांनी आधी सरळ अर्थ दिला आणि मग पुस्ती जोडली: किंवा हे उपमेच्या अर्थाने असेल, 'ब्राह्मणा इव व्रतचारिणः'. त्याच ठिकाणी ते सूक्ताचा उगमही सांगतात. वसिष्ठाने पाऊस हवा म्हणून पर्जन्याची स्तुती केली, बेडकांनी तिला दुजोरा दिला, ते बघून त्याने बेडकांची स्तुती केली. थट्टेचा मागमूसही नाही.

दुसरी पायरी, शेजार बघणं. ७.१०१ आणि ७.१०२ ही दोन्ही पर्जन्याची सूक्तं आहेत आणि बेडूक लगेच त्यांच्या पाठीमागे येतात. मात्र इथे एक बारीक गोष्ट आहे, ती भाषणात सांगाच. ऋग्वेदाच्या कुलमंडलांत (एकेका ऋषिकुळाच्या नावावरच्या मंडलांत) एका देवतेच्या गटात सूक्तं साधारण उतरत्या ऋचासंख्येने लावलेली असतात. १०१ मध्ये ६ ऋचा, १०२ मध्ये ३. नियम चालला असता तर पुढचं याहून मोठं यायला नको होतं. पण १०३ मध्ये १० आणि १०४ मध्ये २५. ओल्डेनबर्ग यांनी हा क्रम तपासून दाखवला तेव्हापासून ही शेवटची दोन सूक्तं मागाहून जोडलेली मानली जातात. याचा अर्थ ती खोटी आहेत असा नाही. संग्रह लावणाऱ्याने ती विचार करून पर्जन्याच्या पाठीला लावली, म्हणजे त्याच्या लेखी हे पावसाचंच सूक्त होतं.

तिसरी पायरी, छंद. पहिली ऋचा अनुष्टुभ, बाकीच्या नऊ त्रिष्टुभ. एकच ऋचा वेगळ्या छंदात दिसली की ती दुसरीकडे कुठे भेटते ते शोधायचं. भेटते: अथर्ववेद ४.१५.१३. ते आख्खं सूक्त पाऊस पाडण्याचं आहे. ढगांना, वाऱ्याला, विजेला हाक मारून झाली की ही ऋचा येते, आणि लगेच पुढच्या ऋचेत बेडकीला आज्ञा: 'उप प्र वद मण्डूकि वर्षमा वद तादुरि'. बोल गं बेडके, पावसाला बोलाव, तळ्याच्या मध्यावर चारी पाय पसरून तरंग. यज्ञात किंवा उपचारात जे वापरायचं आहे ते सहसा कुणी टिंगल म्हणून रचत नाही. ब्लूमफील्ड यांनी १८९६ च्या लेखात हाच धागा धरून म्युलर यांचं मत खोडलं.

बेडूक म्हणजे हास्यास्पद प्राणी, हे आपण बालगीतांतून शिकतो. वेदात तो पाण्याचा प्रतिनिधी. अंत्यसंस्काराच्या सूक्तात (१०.१६.१४) चितेची जागा थंड व्हावी म्हणून बेडकीला बोलावलंय, आणि तिथे थट्टा असणं शक्यच नाही. अग्निचयन नावाच्या विधीत पाच थरांची वेदी रचून झाल्यावर अध्वर्यू (यज्ञातली प्रत्यक्ष कामं करणारा पुरोहित) शेवाळ, वेताची फांदी आणि बेडूक बांधून वेदीवरून ओढतो, आगीचा दाह शमावा म्हणून. आपल्याकडची 'धोंडी धोंडी पाणी दे' ही त्याच नात्यातली. पाऊस लांबला की दारोदार फिरणारी मुलं हसतात, घरातली बाई हसत हसत पाणी ओतते, पण मागणं खरं असतं.

राहिला प्रश्न बेडूक आणि वेदपाठी यांच्या तुलनेचा. ती अपमानाची असती तर तुलसीदासांनी ती रामाच्या तोंडी घातली असती का? किष्किंधाकांडातलं वर्षावर्णन तुमच्या श्रोत्यांपैकी निम्म्यांना येत असेल: 'दादुर धुनि चहुँ दिसा सुहाई। बेद पढ़हिं जनु बटु समुदाई॥' चहूकडे बेडकांचा आवाज शोभतोय, जणू बटूंचा मेळा वेद म्हणतोय. तिथे कुणी तुलसीदासांना विडंबनकार म्हटलेलं नाही.

---

रावपुरा_कट्टा

पदपाठींचं सगळं मान्य. पण त्यांनी दहावी ऋचा गुळगुळीत ओलांडली, आणि खरी गंमत तिथेच आहे.

दहाव्यात बेडूक दान देतात. गाईसारखा ओरडणारा देतो, बकऱ्यासारखा ओरडणारा देतो, ठिपक्यांचा देतो, पिवळा देतो, आणि देतात काय? शेकडो गाई. हा साचा दानस्तुतीचा आहे. दानस्तुती म्हणजे यजमान राजाने किती गाई, किती घोडे दिले याची सूक्ताच्या शेवटी दिलेली पोचपावती. इथे राजाच्या जागी डबक्यातले बेडूक. पाऊस पडला, गवत आलं, गाई वाढल्या, म्हणून बेडकांनी गाई दिल्या असं सरळ समजावता येतं. तरीही साच्याची निवड निरागस वाटत नाही.

आता शेवटचा चरण बघा: 'सहस्रसावे प्र तिरन्त आयुः'. हाच चरण अक्षरशः ३.५३.७ मध्ये आहे. आणि ते कुणाचं मंडल? विश्वामित्रांचं! तिथे 'अंगिरस विरूप' विश्वामित्राला संपत्ती देतात आणि सहस्रसवात, म्हणजे हजारदा सोम गाळताना, आयुष्य वाढवतात. इकडे सहाव्या ऋचेत बेडकांना काय म्हटलंय? 'विरूपाः'. नावाने एक, रूपाने वेगळे. म्हणजे एकाच सूक्तातून एक विशेषण आणि एक आख्खा चरण, दोन्ही वसिष्ठांच्या मंडलात बेडकांना चिकटलेले.

हे ३.५३ साधंसुधं सूक्त नाही. त्याच्या शेवटच्या चार ऋचा (२१ ते २४) परंपरेत 'वसिष्ठद्वेषिणी' म्हणून ओळखल्या जातात. वसिष्ठ गोत्राच्या लोकांनी त्या ऐकायच्याही नाहीत असा संकेत. निरुक्ताचा टीकाकार दुर्ग त्यातल्या एका ऋचेपाशी येतो आणि सांगतो की ही वसिष्ठांचा द्वेष करणारी ऋचा आहे, मी कापिष्ठल वासिष्ठ, म्हणून हिचा अर्थ मी करत नाही. इतकं वैर शाबूत ठेवणारी परंपरा. मग वसिष्ठांच्या एखाद्या कवीने विश्वामित्रांच्या दानस्तुतीची ओळ उचलून बेडकांच्या तोंडी दिली असेल, तर तो सगळ्या पुरोहितांवरचा हल्ला ठरत नाही. भाऊबंदकीतला टोमणा ठरतो. म्युलर यांना व्यंगाचा वास बरोबर आला, लक्ष्य मात्र चुकलं असं माझं मत.

आणि हे सगळं आपण विश्वामित्री नदीच्या काठावर बसून बोलतोय. नदी नाव लावते एकाचं, आणि पावसाळ्यात तिच्या काठी दुसऱ्याचे पुरोहित ओरडतात.

---

पदपाठी

ही जोड मी मुद्दाम टाळली होती, कारण तिच्यावर घसरायला फार होतं. ऋग्वेदात चरणांची पुनरावृत्ती सर्रास आहे. कवींच्या सामाईक पोतडीतले तयार चरण असतात. एक चरण सारखा सापडला एवढ्यावर 'याने त्याचा टोमणा मारला' म्हणता येत नाही. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: चरण दुर्मिळ असावा, भोवती आणखी एखादी जुळणी असावी, आणि कुणी कुणाचं उचललं हे ठरवता यावं. पहिल्या दोन आहेत हे कबूल. तिसरी नाही. ३.५३ सुद्धा इंद्रगटाच्या शेवटी, २४ ऋचांचं, क्रमाबाहेर बसलेलं आहे. त्याच्या आधीच्या ३.५२ मध्ये ८ च ऋचा आहेत. दोन्ही सूक्तं मागाहून जोडलेली, त्यामुळे थोरलं कोण ते ठरत नाही.

शक्यता म्हणून जरूर सांगा. निकाल म्हणून नको.

---

घर्मपात्र

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण कर्मकांड न कळता सातवी ते नववी ऋचा वाचली की ती व्यंगचित्रच दिसते.

अतिरात्र: सोमयागाच्या सात संस्थांपैकी, म्हणजे प्रकारांपैकी, एक. साध्या अग्निष्टोमात १२ स्तोत्रं असतात आणि काम दिवसात आटोपतं. षोडशी या प्रकारात १६. अतिरात्रात त्या सोळांच्या पुढे रात्रीचे तीन पर्याय (फेऱ्या), प्रत्येकात ४ स्तोत्रं, आणि पहाटे एक संधिस्तोत्र. १६ अधिक १२ अधिक १, एकूण २९. प्रत्येक स्तोत्रामागे होत्याच्या (ऋचा म्हणणाऱ्या पुरोहिताच्या) बाजूचं एक शस्त्र, म्हणजे पठण. थोडक्यात, रात्रभर आळीपाळीने गाणं आणि म्हणणं. एक गट थांबला की दुसरा उचलतो. पहिल्या मोठ्या पावसानंतरची रात्र आठवा. तळ्याच्या या कडेचे थांबले की त्या कडेचे सुरू. 'सरो न पूर्णम्' मधलं भरलेलं तळं म्हणजे सोमाने भरलेलं पात्र. श्रोत्यांना एवढंच सांगा: जागरणाचं भजन, पण टाळ नाहीत आणि मध्ये चहा नाही.

घर्म: इथे जास्त वेळ द्या, सूक्ताचा कणा तोच आहे. सोमयागाच्या आधी उपसद् नावाचे दिवस येतात, अग्निष्टोमात तीन. त्या दिवसांत सकाळी आणि दुपारी प्रवर्ग्य नावाचा विधी करतात. मातीचं महावीर नावाचं भांडं घडवतात, उंची साधारण एक वीत. ते तापलेल्या निखाऱ्यांत ठेवून त्यात तूप उकळवतात, भांडं लालबुंद होतं, मग त्यात ताजं दूध ओततात आणि ज्वाळेचा लोट उठतो. भांड्याचं आणि आतल्या उकळत्या द्रव्याचं नाव घर्म. आगीजवळ उभे असलेले अध्वर्यू घामाने निथळतात. आता आठवी ऋचा वाचा: 'अध्वर्यवो घर्मिणः सिष्विदानाः', घर्म करणारे घामेजलेले अध्वर्यू. ग्रीष्मभर तापलेल्या मातीत बसलेले बेडूक पावसाने ओले होऊन बाहेर आलेत, हेच ते घामेजणं. नववीत 'तप्ता घर्मा अश्नुवते विसर्गम्', तापलेल्या घर्मांना सुटका मिळते. कर्मकांडात शेवटी ही भांडी समारंभाने विसर्जित करतात. निसर्गात उन्हाळा संपतो. शब्द एक, बसतो दोन्हीकडे.

आणखी एक जुळणी. महावीरात दूध दोघींचं ओततात, गाईचं आणि शेळीचं. सूक्तात बेडूक कुठल्या दोन आवाजांचे? गोमायु आणि अजमायु. बेडकाचा आवाज गाईसारखा म्हणणं समजतं, पण बाकी सगळे प्राणी सोडून शेळीच का, याला इथे कारण सापडतं. फक्त एक पथ्य पाळा. शेळीच्या दुधाचा तपशील आपल्याला ब्राह्मणग्रंथांतून आणि श्रौतसूत्रांतून कळतो, आणि ती सूक्तानंतरची. नंतरच्या काळाची नियमावली आधीच्या काळाच्या कवितेवर चढवताना 'असावं' म्हणायचं, 'आहे' म्हणायचं नाही.

पहिल्या ऋचेतलं 'संवत्सरं शशयाना ब्राह्मणा व्रतचारिणः' हेही प्रवर्ग्याशी लागतं. प्रवर्ग्याचे मंत्र शिकण्याआधी विद्यार्थ्याला अवांतरदीक्षा घ्यावी लागते. वर्षभराचं व्रत, त्यात मौनाचे नियम. वर्षभर गप्प, मग एकदम वाणी फुटते. पाचव्या ऋचेत गुरूच्या मागून म्हणणारा शिष्य आहेच. वेदाध्ययनाचा वार्षिक आरंभ, उपाकर्म, श्रावणात, वनस्पती उगवल्या की. वाल्मीकीही किष्किंधाकांडात वर्षावर्णनातच सांगतात की सामगायन करणाऱ्यांची अध्ययनाची वेळ आली. पावसाळा आणि पाठशाळा यांचं वेळापत्रक एकच होतं, त्यामुळे बेडूक आणि बटू एकाच आठवड्यात ओरडायला लागत. तुलना कवीने डोकं खाजवून शोधलेली नाही, कानावर पडली.

आता स्वतःला विचारा, एवढा तपशील कोण घालेल? टिंगल करणाऱ्याला दोन-तीन ठळक खुणा पुरतात: जानवं, ढेरी, दक्षिणा. इथे दीक्षा, अतिरात्र, घर्म, विसर्ग अशी क्रमवार मांडणी आहे. हे आतल्या माणसाचं काम.

---

तिसरा_पर्याय

आतला माणूसच सर्वांत चांगली नक्कल करतो, हे घर्मपात्र विसरले. कीर्तनकाराची हुबेहूब नक्कल दुसरा कीर्तनकारच करू शकतो. तपशील अचूक आहे म्हणून गंभीर, हा निकष चालणार नाही.

चालणारा निकष सांगतो: टवाळी कशाला नाकारते ते बघा. पुरोहितांवरची खरी टवाळी कशी असते हे माहीत आहे. सर्वदर्शनसंग्रहात चार्वाकांच्या नावावर दिलेले श्लोक घ्या. वेदांचे कर्ते तीन: भांड (विदूषक), धूर्त आणि निशाचर. 'जर्फरी तुर्फरी' वगैरे म्हणे पंडितांचं बोलणं. हे शब्द खरोखरच ऋग्वेद १०.१०६.६ वरून उचललेत. आणि ज्योतिष्टोमात मारलेला पशू स्वर्गात जातो तर यजमान आपल्या बापालाच का मारत नाही? इथे फळ नाकारलंय, हेतूवर शंका घेतलीय, भाषेची खिल्ली उडवलीय. मंडूकसूक्तात यातलं काय आहे? शेवटी तर कवी बेडकांकडूनच 'आम्हाला' संपत्ती मागतो, 'नो वसूनि'. ज्याची टर उडवायची त्याच्यापुढे कुणी हात पसरत नाही.

आणि ऋग्वेदात विनोद नाहीच असंही समजू नका. ९.११२ वाचा. सुताराला मोडकं हवं, वैद्याला मोडलेलं हाड हवं, ब्राह्मणाला सोम गाळणारा यजमान हवा. मी कवी, बाप वैद्य, आई जात्यावर. शेवटच्या ऋचेत घोड्याला हलका रथ हवा, आणि जाता जाता बेडकाला पाणी हवं. मधला चरण मंडळात मोठ्याने वाचू नका. प्रत्येक ऋचेला 'इन्द्रायेन्दो परि स्रव' हे सोम गाळतानाचं ध्रुवपद लावलंय. म्हणजे हसायचं आणि सोमही गाळायचा.

खरी अडचण 'एक तर हे, नाही तर ते' या प्रश्नात आहे. एकनाथांचं भारूड पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न पडायला नको. विंचू चावल्याचं सोंग आणताना लोक हसतात, म्हणून ते परमार्थाचं नाही असं कुणी म्हणत नाही.

(अवांतर: चार्वाकांच्या परंपरेशी जोडला जाणारा जयराशिभट्टाचा तत्त्वोपप्लवसिंह १९४० साली आपल्या वडोदऱ्यातच, गायकवाड प्राच्यविद्यामालेत छापला गेला. वेदांचे पाठ जपणारी आणि वेदांना न मानणारी, दोन्ही पुस्तकं एकाच कपाटात.)

---

डबक्याकाठी

कर्मकांड झालं, आता प्राणी. हे सूक्त पुस्तकातून सुचलेलं नाही, बघून लिहिलंय. मोठा भारतीय बेडूक कोरड्या महिन्यांत मातीत गाडून घेऊन पडून राहतो, कातडी सुरकुतते. दुसऱ्या ऋचेतली 'दृतिं न शुष्कं', कोरडी पखाल, ती हीच. पहिल्या जोरदार पावसात नर बाहेर येतात, विणीच्या काळात त्यांचा रंग लिंबासारखा पिवळा होतो आणि गळ्याच्या पिशव्या निळ्या. 'हरित' म्हणजे इथे पिवळसर हिरवा, आणि 'पृश्नि' ठिपक्यांचा. चौथ्या ऋचेत 'दोघांपैकी एक दुसऱ्याला धरतो' हे प्रेमाने अभिनंदन नव्हे. नर मादीला मागून मिठी मारतो, ते आहे. स्टेफनी जेमिसन यांनी या सूक्तातल्या निसर्गनिरीक्षणावर स्वतंत्र लेख लिहून हे दाखवलंय. जुन्या भाषांतरांत तिथे 'एकमेकांचं स्वागत करतात' असं सोवळं काहीतरी येतं आणि प्रजननाचा धागाच तुटतो. पाऊस, पिल्लं, गाई, दीर्घ आयुष्य हा सगळा एकच धागा आहे.

तिसऱ्या ऋचेत 'अख्खलीकृत्या' आहे, संस्कृतात न शोभणारा शब्द. काही जण त्याला नुसता ध्वनी मानतात, मराठीतल्या डराँव किंवा गुजरातीतल्या ड्राउंसारखा. पाउल थीमे यांनी तो 'अक्षर' या शब्दाच्या बोलीतल्या रूपाशी जोडला: मुलगा बापापाशी येऊन अक्षरं घोकतो. तसं असेल तर पाठशाळेची प्रतिमा पाचव्या ऋचेच्या आधीच, तिसरीतच सुरू होते. मोठ्याने वाचताना 'ख्ख' वर जोर द्या. श्रोत्यांना अर्थ न सांगता कळेल.

---

सूरसागर_काठ

भरपूर मिळालं, आभार. कुत्र्यांचं राहिलं. घ्यावं का?

---

घर्मपात्र

घ्या, पण तीन मिनिटांच्या वर नको. छांदोग्य १.१२, नाव शौव उद्गीथ, म्हणजे कुत्र्यांचं सामगान. बक दाल्भ्य, ज्याचं दुसरं नाव ग्लाव मैत्रेय, स्वाध्यायाला गावाबाहेर जातो. एक पांढरा कुत्रा प्रकट होतो. बाकीचे कुत्रे त्याला म्हणतात, महाराज, आमच्यासाठी गाऊन अन्न मिळवा, भूक लागलीय. तो म्हणतो, सकाळी या. सकाळी ते, सोमयागातल्या बहिष्पवमान स्तोत्रासाठी ऋत्विज (पुरोहित) जसे एकमेकांना धरून सरकतात तसे सरकतात, बसतात, हिंकार करतात ('हिं' असा सूर लावतात) आणि गातात: ॐ खाऊ या, ॐ पिऊ या.

बहिष्पवमानाची चाल माहीत नसेल तर हे निव्वळ कार्टून वाटतं. मुळात ती चाल अशीच आहे: अध्वर्यू पुढे, मागे प्रस्तोता, उद्गाता, प्रतिहर्ता हे तिघे सामगायक, प्रत्येकाने पुढच्याचं वस्त्र धरलेलं, सगळे वाकून, सरपटल्यासारखे. कुत्र्यांची रांग चपखल बसते, आणि लिहिणाऱ्याला ते दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. आधुनिक अभ्यासकांपैकी बऱ्याच जणांना इथे उपहास दिसला. शंकराचार्यांच्या मते मात्र स्वाध्यायावर प्रसन्न झालेली देवता किंवा ऋषी कुत्र्याच्या रूपाने आला.

इथेही शेजार बघा. १.१० मध्ये कुरुदेशात पिकं नासलेली, उषस्ति चाक्रायण हत्तीवाल्याचे उष्टे कुल्माष, म्हणजे हलक्या प्रतीचं धान्य, खातो. १.११ मध्ये तोच प्रतिहाराची (सामगायनाच्या एका भागाची) देवता अन्न असं सांगतो. १.१२ मध्ये भुकेले कुत्रे. १.१३ मध्ये हाउ, हाइ, अथ, इह अशा सामगायनातल्या तेरा अर्थहीन अक्षरांची उपासना. म्हणजे दुष्काळ, उष्टं अन्न, भुकेल्यांचं गाणं आणि गाण्यातली निरर्थक अक्षरं असा एक सलग माग आहे. मधलाच तुकडा उचलून 'उपनिषद कर्मकांडाची खिल्ली उडवतं' असं म्हटलं की आजूबाजूचे तीन खंड अनाथ होतात. तरी मंडूकसूक्तापेक्षा इथे हसू जास्त धारदार आहे. बेडूक पाऊस आणतात, कुत्रे फक्त मागतात.

---

पदपाठी

वीस मिनिटांची वाटणी सुचवतो. सूक्त सस्वर म्हणणारा कुणी असेल तर दहा ऋचांना साधारण तीन मिनिटं. ते आधी, अर्थ न सांगता. मग पहिली, सातवी, आठवी, नववी एवढ्यांचाच अर्थ, सात मिनिटं. दहावी आणि ३.५३.७ ची जुळणी चार मिनिटं, रावपुरा_कट्टांचा नेम वाया जाऊ देऊ नका. कुत्रे तीन. उरलेली तीन प्रश्नांसाठी, आणि पहिला प्रश्न 'मग म्युलर चुकला का' हाच येणार. उत्तर तयार ठेवा: १८५९ साली, सायणभाष्यासह ऋग्वेदाची त्याची आवृत्ती अजून छापून पुरी व्हायची होती. 'ब्राह्मण' हा शब्द वाचताना त्याच्यासमोर एकोणिसाव्या शतकातला भिक्षुक होता. ऋग्वेदात तो शब्द माणसासाठी मोजक्याच ठिकाणी येतो, आणि सातव्या मंडलात तर मंत्र म्हणणारा एवढाच त्याचा अर्थ पुरतो.

नववीतला 'द्वादशस्य' कुणी विचारला तर 'बारा महिन्यांच्या वर्षाचा' हा सरळ अर्थ सांगा आणि थांबा. याकोबी यांनी १८९३ साली 'बारावा महिना' असा अर्थ घेऊन वर्ष पावसाळ्यात सुरू होई असं मांडलं, आणि त्यावरून वेदांचा काळ काढण्यापर्यंत मजल मारली. त्या विषयात शिरलात की वीस मिनिटांत बाहेर येत नाही.

---

तिसरा_पर्याय

एक व्यावहारिक सूचना राहिली. मनुस्मृती ४.१२६ प्रमाणे शिकवणारा आणि शिकणारे यांच्या मधून गुरं, बेडूक, मांजर, कुत्रा, साप, मुंगूस किंवा उंदीर गेला तर एक दिवस आणि एक रात्र अनध्याय, म्हणजे पाठ बंद. यादीत तुमचे दोन्ही वक्ते आहेत. आषाढात दारं उघडी ठेवणार असाल तर हॉल दुसऱ्या दिवशीही मोकळा आहे का, ते आधीच विचारून ठेवा.